पोलीस फॅक्शनच्या लीडरपदासाठी अर्ज : वाचणारे नक्की काय बघतात?

सायरन_बंद (प्रश्न)

फाइव्हएमवरच्या (जीटीए ५ चा मोड, ज्यावर लोक स्वतःचे सर्व्हर चालवतात) एका व्हॉइस रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे जिथे प्रत्येक जण एक कॅरॅक्टर होऊन माइकवर बोलत खेळतो, पोलीस फॅक्शनचं (गटाचं) लीडरपद रिकामं झालंय. मी तिथे सार्जंट आहे. अर्जाला दहा दिवसांची मुदत आहे. फॉर्ममध्ये ओओसी, म्हणजे कॅरॅक्टरबाहेरच्या खऱ्या खेळाडूची माहिती (वय, टाइमझोन, आठवड्याला किती तास), कॅरॅक्टरची पार्श्वकथा, आधीची पदं, वॉर्न-बॅनचा (नियम मोडल्याबद्दलची ताकीद किंवा बंदी) इतिहास, "तुम्हालाच का निवडावं", पहिल्या तीस दिवसांचा प्लॅन आणि शेवटी तीन प्रसंग असं सगळं आहे. त्यातून जे पुढे जातील त्यांची व्हॉइसवर मुलाखत.

माझे प्रश्न :
१. अर्ज किती लांब असावा?
२. वॉर्नच्या रकान्यात किती खोलात जायचं?
३. तीस दिवसांच्या प्लॅनमध्ये नवीन डिव्हिजन, नवीन गाड्या, युनिफॉर्म असं काही लिहिलं तर वजन पडतं का?
४. प्रसंगांची उत्तरं नियमावलीतली कलमं देऊन लिहायची की साध्या भाषेत?

"मेहनत कर, जमेल" छापाची उत्तरं नकोत. अर्ज तपासलेल्यांनी किंवा फॅक्शन चालवलेल्यांनी लिहावं.

---

लॉग_वाचणारा

सुरुवात कुठून होते ते आधी समजून घ्या. "तुम्हालाच का" हा निबंध सगळ्यात शेवटी वाचला जातो. त्याआधी तपासणारा तुमचं नाव ॲडमिन पॅनलमध्ये टाकतो आणि ऑनलाइन तास, त्यातले ड्यूटीवरचे तास, वॉर्न, तुमच्यावर झालेल्या रिपोर्ट, तुम्ही केलेल्या रिपोर्ट असं सगळं बघतो. मग अर्ज उघडतो. म्हणजे अर्जातली जी गोष्ट पॅनलशी जुळणार नाही, तिथेच अर्ज संपला. "आठवड्याला ३० तास देईन" असं लिहिलंय आणि मागच्या महिन्याची सरासरी ९ तासांची दिसतेय, तर पुढचं कोण कशाला वाचेल? आहे तो आकडा लिहा. १४ तास हा अगदी चालणारा आकडा आहे, फक्त ते १४ तास सर्व्हरच्या गर्दीच्या वेळेत पडतात का ते सांगा. वेळ यूटीसीमध्ये लिहा किंवा डिस्कॉर्डचा (सर्व्हरचं चॅट ॲप) टाइमस्टॅम्प वापरा, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या घड्याळाप्रमाणे दिसतो. "संध्याकाळी असतो" याला काही अर्थ नाही, प्रत्येकाची संध्याकाळ वेगळी.

वॉर्नच्या रकान्यात प्रत्येक नोंदीला एक ओळ पुरते : महिना, नियम, शिक्षा, अपील केलं होतं का. उदाहरणार्थ, "मार्च, व्हीडीएम, २४ तासांचा बॅन, अपील नाही." बस. (व्हीडीएम म्हणजे कारण नसताना गाडी अंगावर घालणं.) मुदत संपलेले वॉर्नसुद्धा पॅनलमध्ये दिसतात, त्यामुळे लपवून काही साधत नाही. उलट सफाईचा परिच्छेद लिहिलात, की समोरच्या खेळाडूचं कसं चुकलं होतं वगैरे, तर तपासणारा मनात नोंद करतो की हा माणूस उद्या आपल्या कॅडेटची रिपोर्टही अशीच हाताळणार. दुसऱ्या अकाउंटवरचे बॅनही याच रकान्यात येतात.

"तुम्हालाच का" इथे नव्वद टक्के अर्ज सारखेच असतात. "मी जबाबदार आहे, सक्रिय आहे, टीमवर्क जमतं, फॅक्शनला नव्या उंचीवर नेईन." हे वाक्य कुठल्याही सर्व्हरवरच्या कुठल्याही फॅक्शनच्या अर्जात चिकटवता येईल, म्हणून निरुपयोगी. त्याऐवजी असं काहीतरी :

"गेले दोन महिने कॅडेटच्या राइड-अलाँगची शीट मी सांभाळतो. सध्या अडचण अशी आहे की एफटीओ चारच आहेत आणि चौघेही एकाच वेळेत येतात, त्यामुळे उशिरा खेळणारे कॅडेट आठ-दहा दिवस अडकून राहतात आणि मग यायचे बंद होतात. दोन सीनियर ऑफिसर उशिराच्या वेळेत असतात, त्यांना एफटीओ करावं असं माझं म्हणणं आहे."

तीनच वाक्यं आहेत. (एफटीओ म्हणजे कॅडेटला गस्तीवर सोबत नेऊन शिकवणारा ऑफिसर, तीच राइड-अलाँग.) पण काम दिसतं, अडचणीचं कारण दिसतं, उपाय करता येण्यासारखा आहे आणि सगळं तपासून बघता येतं. अशा दोन नोंदी दिल्यात तरी खूप.

आता प्लॅन. नवीन डिव्हिजनबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, वजन पडतं, पण उलट्या बाजूला. समजा फॅक्शनमध्ये २४ जण आहेत. गर्दीच्या वेळी त्यातले आठ ड्यूटीवर असतात. तुम्ही स्वॅट (कमांडो तुकडी) काढलंत, के-नाइन (श्वानपथक) काढलंत, हेलिकॉप्टर युनिट काढलंत. पाच जण त्यात गेले की गस्तीला उरले तीन. मग गाडी चोरीच्या, भांडणाच्या, वेगमर्यादेच्या साध्या कॉलला कोणी जात नाही, आणि सामान्य नागरिक खेळणाऱ्यांना पोलिसांचा अनुभव मिळतो तो एवढाच की ते फक्त बँक लुटीला अवतरतात. तपासणाऱ्याने हे चित्र दोन-तीन फॅक्शनमध्ये तरी बघितलेलं असतं.

प्लॅन चार कामांचा करा, त्याहून जास्त नको. पहिल्या आठवड्यात रोस्टर साफ करणं : १४ दिवस ड्यूटी नाही आणि एलओएही (रजेचा अर्ज) टाकलेला नाही अशांची यादी, प्रत्येकाला एक मेसेज, ७२ तास वाट, मग रिझर्व्हमध्ये. थेट काढून टाकू नका, अर्धे परत येतात. दुसरं काम रँकची उतरंड. २४ जणांत साधारण १ चीफ, १ डेप्युटी, २ लेफ्टनंट, ४ सार्जंट, १० ऑफिसर, ६ कॅडेट अशी मांडणी झेपते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वरच्या तीन रँकमध्ये नऊ-दहा जण बसलेले असतात, कारण आधीच्या लीडरने प्रत्येक रुसव्याला बढती हे औषध दिलेलं असतं. ते उतरवायचं कसं हे लिहिता आलं तर तुमचा अर्ज वेगळा दिसेल. खाली आणण्यापेक्षा नव्या बढत्या सहा आठवडे थांबवणं आणि वरची जागा रिकामी झाली की ती न भरणं, हे कमी दुखतं. तिसरं कॅडेटचं प्रशिक्षण, चौथं पैसे.

पैशाचा हिशोब कोणी करत नाही म्हणून इथे जरा थांबतो. आकडे मानलेले आहेत, तुमच्या सर्व्हरचे टाका. दर ३० मिनिटांनी पगार, सरासरी ४५०. गर्दीचे तीन तास धरले तर सहा वेळा पगार पडतो. आठ जण × ६ × ४५० म्हणजे रोजचे २१,६०० आणि आठवड्याचे १,५१,२००. दंड आणि जप्तीतून आठवड्याला १,१०,००० येत असतील तर ४१,२०० ची तूट. सर्व्हरवर पगार सोसायटी खात्यातून (फॅक्शनच्या सामाईक खात्यातून) जात असेल तर खातं रिकामं झालं की पगारच पडत नाही, आणि मग ऑफिसर तूट भरायला ऊठसूट दंड ठोकत सुटतात. त्याने रोलप्ले मरतो. हा हिशोब चार ओळींत अर्जात टाका.

लांबीचं म्हणाल तर सगळं मिळून १,००० ते १,२०० शब्द. प्रसंग धरून.

---

ग्रेड_शून्य

वरच्या उत्तरात एक बाजू राहिली : पद मिळालं की हातात नक्की काय येतं. अर्जात हे माहीत असल्याचं दिसलं की तांत्रिक टीमचा तरी विरोध राहत नाही.

ईएसएक्सवर (फाइव्हएम सर्व्हरसाठीचं तयार फ्रेमवर्क) चालणाऱ्या सर्व्हरमध्ये लीडर म्हणजे जॉबचा सगळ्यात वरचा ग्रेड. डेटाबेसमध्ये त्या ग्रेडचं नाव "बॉस" असावं लागतं, तरच बॉस मेनू उघडतो. क्यूबीकोअरमध्ये (असंच दुसरं फ्रेमवर्क) ग्रेडला "इजबॉस" ही खूण लावलेली असते. मेनूतून भरती, हकालपट्टी, ग्रेड बदलणं, सोसायटी खात्यात पैसे भरणं-काढणं होतं. नेहमीचा घोळ : डेप्युटीलाही बॉसचा ग्रेड द्या म्हणून लीडर मागे लागतात, आणि मग दोघांपैकी खात्यातून पैसे कोणी काढले यावर वाद. सर्व्हरचा लॉग चालू असेल तर निवाडा करता येतो, नसेल तर बोंब. अर्जात लिहा की पैसे काढण्याचा अधिकार एकाकडेच राहील आणि प्रत्येक रकमेची नोंद कारणासह चॅनेलमध्ये पडेल.

डिस्कॉर्डवर ॲडमिनिस्ट्रेटर परवानगी मागू नका. ती असली की चॅनेलवरचे सगळे निर्बंध ओलांडले जातात, स्टाफच्या खासगी चॅनेलसकट. फॅक्शन लीडरला रोल देता-काढता येणं पुरतं, आणि तेही स्वतःच्या रोलच्या खालचेच रोल हलवता येतात. म्हणून रोलची उतरंड आधी नीट लावून घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी "मला लेफ्टनंटचा रोल देता येत नाहीये" म्हणून तिकीट (स्टाफकडची मदतीची विनंती) उघडावं लागेल. डिस्कॉर्डचा ऑडिट लॉग ४५ दिवसच टिकतो. बढती, पदावनती, हकालपट्टी यांचं वेगळं चॅनेल ठेवा : तारीख, कोणी, कोणाला, कशावरून कशावर, का. तीन महिन्यांनी कोणी "मला विनाकारण काढलं" म्हणून आला की हेच कामाला येतं.

आणि रँकसाठी किंवा भरतीसाठी खरे पैसे घेणं, मग ते "डिस्कॉर्ड बूस्टसाठी वर्गणी" म्हणून का असेना, हा विषयच काढू नका. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारने नोव्हेंबर २०२२ मध्ये रोलप्ले सर्व्हरबद्दलचं धोरण जाहीर केलं, त्यात गेममधलं चलन खऱ्या पैशाला विकणं, लूट बॉक्स, क्रिप्टो हे सगळं बाद आहे. ऑगस्ट २०२३ पासून फाइव्हएम बनवणारी टीमही रॉकस्टारमध्येच आहे. लीडरच्या लोभापायी मालकाचा सर्व्हर धोक्यात येतो, म्हणून याला कुठेही माफी नसते.

---

सायरन_बंद

दोघांचे आभार, हिशोबाचा मुद्दा डोक्यातच नव्हता. अजून दोन शंका. माझं दुसरं कॅरॅक्टर एका गँगमध्ये आहे, तेही लहान पदावर. ते अर्जात लिहायचं का? आणि पार्श्वकथेसाठी फॉर्ममध्ये किमान ३०० शब्द दिलेत. तेवढ्यात काय बसवायचं?

---

दोन्ही_बाजू

गँगमधलं कॅरॅक्टर लिहायचंच, आणि त्याचं काय करणार तेही लिहायचं. पोलीस लीडरला छाप्याची वेळ, वॉरंट, खबऱ्यांची नावं सगळं आधी कळतं. तू मेटागेमिंग (कॅरॅक्टरला ठाऊक नसलेली माहिती खेळात वापरणं) केलं नाहीस तरी गँगचा माल एकदा छाप्याआधी हलला की बोट तुझ्याकडेच येणार, आणि तू निर्दोष आहेस हे सिद्ध करायला तुझ्याकडे काहीच नसेल. नियमावलीत परवानगी असली तरी बाहेर पड. बाहेर पडताना त्या कॅरॅक्टरचे पैसे, गाड्या, हत्यारं या कॅरॅक्टरकडे वळवू नकोस, स्वतःच्याच दोन कॅरॅक्टरमध्ये माल फिरवणं बहुतेक सर्व्हरवर गुन्हा आहे. गँगच्या डिस्कॉर्डमधूनही बाहेर पड. लोक हे विसरतात, आणि मग कोणीतरी सदस्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट टाकतं.

पार्श्वकथेत तपासणारा साहित्य शोधत नसतो, विसंगती शोधत असतो. कॅरॅक्टरचं वय २४ आणि "१५ वर्षं स्पेशल फोर्समध्ये" हे दर पाच अर्जांत एकदा सापडतं. आईवडिलांचा खून, बदल्याची शपथ, तेही इतकं झालंय की वाचणारा थेट पुढच्या रकान्यावर जातो. ३०० शब्दांत तीन गोष्टी बसव : हा पोलिसात का आला, सर्व्हरवर आजवर इतरांसोबत प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या कुठल्या घटनांनी तो इथवर पोचला, आणि त्याची एखादी खोड किंवा कमजोरी जी समोरच्याला खेळताना पकडता येईल. उदाहरणार्थ, हाताखालच्यांसमोर चूक मान्य करत नाही, किंवा जुन्या पार्टनरच्या बाबतीत नियम वाकवतो. जी गोष्ट दुसऱ्या कॅरॅक्टरला कधीच कळणार नाही ती लिहून उपयोग नाही.

एक प्रश्न तूच त्यांना विचार : पद खेळाडूचं की कॅरॅक्टरचं? म्हणजे चीफचं कॅरॅक्टर सीके झालं (कॅरॅक्टर किल, म्हणजे कायमचं मेलं) तर तू नव्या कॅरॅक्टरने परत लीडर होतोस, की डेप्युटी चढतो? काही सर्व्हरवर लीडरच्या सीकेला स्टाफची मंजुरी लागते, काही ठिकाणी नाही. याचं उत्तर माहीत नसताना प्लॅनमध्ये वारसदाराबद्दल लिहिणं हवेत राहतं.

आता "लॉग_वाचणारा" यांच्या प्लॅनशी माझं थोडं जमत नाही. रोस्टर, रँक, पैसे हे सगळं फॅक्शनच्या आतलं झालं. सर्व्हरच्या मालकाला पडलेली असते ती बाहेरची काळजी. पोलीस दर वेळी जिंकायला लागले की गुन्हेगार खेळणारे रात्रीत दुसऱ्या सर्व्हरवर जातात, आणि मग आठ पोलीस रिकाम्या शहरात गस्त घालत बसतात. म्हणून प्लॅनमध्ये एक परिच्छेद यावर हवाच : किरकोळ दुकान लुटीला जास्तीत जास्त तीन युनिट, बँकेला सहा, हेलिकॉप्टर पाठलागाला ठरावीक मिनिटांनंतरच, ओलीस सुरक्षित असेल तर बोलणी किमान दहा मिनिटं. आकडे तुझ्या सर्व्हरच्या गर्दीप्रमाणे ठरव, पण कमाल मर्यादा लिही. स्वतःच्या फॅक्शनचा हात बांधणारा उमेदवार क्वचितच येतो.

---

लॉग_वाचणारा

मान्य. युनिटच्या मर्यादेचा परिच्छेद माझ्या चार कामांतल्या कॅडेटच्या प्रशिक्षणाच्या आधी घाला. मात्र "दहा मिनिटं बोलणी" हे एसओपीत (फॅक्शनच्या लेखी कार्यपद्धतीत) ताठ नियम म्हणून नको, मार्गदर्शक म्हणून ठेवा. ताठ नियम झाला की गुन्हेगार घड्याळ लावून बसतात.

---

क्लिप_कुठंय

प्रसंगांवर कोणीच बोललं नाही, आणि बहुतेक अर्ज तिथेच आपटतात.

तीन प्रसंग साधारण ठरलेले असतात. एक तुमच्या माणसाने केलेली चूक, दोन वरच्या रँकमधलं भांडण, तीन स्टाफच्या निर्णयाशी मतभेद. पहिला घेऊन दाखवतो.

"तुमच्या कॅडेटने पळणाऱ्या निःशस्त्र माणसावर गोळी झाडली. समोरचा खेळाडू ओओसी चिडून तुम्हाला डीएम (खासगी मेसेज) करतो. काय कराल?"

पडणारं उत्तर : "कॅडेटला ताबडतोब सस्पेंड करेन, शिस्त महत्त्वाची आहे." यात चौकशी नाही आणि दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. सर्व्हरचा नियम मोडला गेला (आरडीएम, म्हणजे कारण नसताना मारणं) की फॅक्शनची एसओपी मोडली गेली (बळाचा वापर), हे आधी वेगळं करायचं. नियमभंगाचा निकाल स्टाफ देतो, लीडर नाही. एसओपीभंग आयसीमध्ये (कॅरॅक्टर म्हणून, खेळाच्या आत) इंटर्नल अफेअर्सकडे (पोलिसांच्या अंतर्गत चौकशी विभागाकडे) जातो. एकाच घटनेत दोन्ही असू शकतात, पण एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

चालणारं उत्तर या क्रमाने जातं. सीन सुरू असेल तर तो थांबवायचा नाही, संपू द्यायचा. चिडलेल्या खेळाडूला डीएममध्ये दोनच वाक्यं : ऐकलं, रिपोर्टचं तिकीट उघड, क्लिप जोड. त्याच्याशी बरोबर-चूक वाद घालायचा नाही आणि कॅडेटच्या वतीने माफीही मागायची नाही, कारण अजून काही ठरलेलंच नाही. मग दोन्ही बाजूंचे पीओव्ही (आपापल्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग) मागायचे, गोळीच्या आधीच्या किमान दोन-तीन मिनिटांसकट. नुसती गोळीची दहा सेकंदं काहीच सांगत नाहीत : आधी त्या माणसाने हत्यार काढून मग फेकलं होतं का, रेडिओवर "शस्त्र दिसलं" असं कोणी बोललं होतं का, डीसिंकमुळे (नेटवर्कच्या गडबडीमुळे) कॅडेटच्या स्क्रीनवर वेगळं दिसत होतं का. ओबीएसचा (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) रिप्ले बफर, म्हणजे नुकतंच घडलेलं साठवून ठेवणारी सोय, दोन-तीन मिनिटांचा लावलेला असेल तर हे सगळं हाती लागतं, म्हणून फॅक्शनमध्ये तो सक्तीचा करण्याचा मुद्दा प्लॅनमध्ये घालता येईल. स्टाफचा निकाल येईपर्यंत कॅडेट एकट्याने गस्तीवर जात नाही, एफटीओसोबतच. निकालानंतर आयसी चौकशी : निवेदन, एसओपीचं कलम, शिक्षा किंवा पुन्हा प्रशिक्षण. ती चौकशीसुद्धा रोलप्लेच आहे, गोळी खाल्लेल्या कॅरॅक्टरला तक्रारदार म्हणून बोलावता येतं. एनएलआरमुळे (मेल्यावर आधीचं विसरायचा नियम) त्याला काय आठवायला परवानगी आहे ते मात्र आधी स्टाफला विचारून घ्या.

तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कलमाचा क्रमांक एकदा द्या, बाकी कृती क्रमाने लिहा. नियमावली त्यांनीच लिहिलीय, त्यांना ती परत वाचून दाखवू नका.

तिसऱ्या प्रसंगात, स्टाफचा निर्णय चुकीचा वाटला तर, दोन टोकं पडतात. "स्टाफ सांगेल ते मान्य" हाही नापास आणि "माझ्या माणसांसाठी लढेन" हाही. निर्णय लगेच अमलात आणायचा, अपील ठरलेल्या मार्गाने करायचं, आणि फॅक्शनच्या चॅनेलमध्ये त्यावर चर्चा पेटू द्यायची नाही. तीन वाक्यांत होतं.

मुलाखतीत ते तुम्हाला मुद्दाम मध्येच तोडतात, प्रसंगात नवी माहिती घालतात : "कॅडेट तुमचा जवळचा मित्र आहे", "क्लिप डिलीट झालीय". उत्तर बदलत असेल तर बदला, पण का बदललं ते बोला. आठवायला वेळ लागला तर "दहा सेकंद द्या" म्हणायचं, माइक चालू ठेवून हं-हं करत बसायचं नाही. आणि न विचारता मुलाखत रेकॉर्ड करू नका.

---

ग्रेड_शून्य

अर्ज पाठवण्याबद्दल दोन-तीन बारीक गोष्टी. तिकिटात मजकूर चिकटवणार असाल तर नायट्रोशिवाय (डिस्कॉर्डचं पैसे देऊन घ्यायचं सदस्यत्व) डिस्कॉर्डचा एक मेसेज २,००० अक्षरांत अडतो. गूगल डॉक करा, लिंक असणाऱ्या कोणालाही वाचता येईल अशी परवानगी ठेवा आणि इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. "रिक्वेस्ट ॲक्सेस" दिसणारा अर्ज बरेच जण तसाच बंद करतात.

ते डॉक खऱ्या नावाच्या ईमेलवरून बनवू नका, मालकाचं नाव वाचणाऱ्याला दिसू शकतं. वयाच्या रकान्यात वयच, जन्मतारीख नाही.

शिफारशी गोळा करत फिरू नका. पाच मित्रांनी अर्जाखाली "प्लस वन" टाकलं की लॉबिंग म्हणून उलट नोंद होते. फॉर्ममध्ये संदर्भ मागितले असतील तर एक फॅक्शनमधला, एक बाहेरचा द्या. ईएमएसमधला (रुग्णवाहिका सेवेतला) कोणी किंवा तुम्ही ज्याला दोन-चारदा अटक केलीय असा गुन्हेगार असला तर सगळ्यात भारी.

---

सायरन_बंद

गँगचं कॅरॅक्टर आजच सोडतो आणि तिकीट उघडून सीकेचा प्रश्न विचारतो. हिशोबासाठी सोसायटी खात्याचे गेल्या चार आठवड्यांचे आकडे सार्जंटला दिसत नाहीत, ते कोणाकडून मागायचे?

---

ग्रेड_शून्य

सध्याच्या डेप्युटीकडून. तोही अर्ज करत असेल तर फॅक्शन सांभाळणाऱ्या स्टाफकडे तिकिटातून मागा, आणि सगळ्या उमेदवारांना तेच आकडे द्या असंही त्यातच लिहा.